काळ्या काठाचं पाकीट

“बाबू, चिठ्ठी?”

“नाही.”

“थैली नीट बघितलीस?”

“नीट बघितली. नाही म्हणजे नाही.”

नोलननं खिडकीच्या फळीवर दोन बोटं वाजवली, “कल आयेगी,” म्हणाला आणि उन्हात निघून गेला. त्याचं पत्र तेव्हा माझ्या स्टुलाखालच्या थैलीत होतं. माझा उजवा पाय त्या थैलीला टेकलेला होता.

१९१६ सालचा जून महिना, गाव अमारा. तैग्रीस नदीच्या काठी खजुरीच्या बागेला लागून मातीचं एक दुमजली घर होतं, त्याच्या खालच्या खोलीत आमची फौजी टपालकचेरी. मी गजानन हळबे, राहणार देवरुख, वय सव्वीस. टपालखात्यातला साधा कारकून. सरकारनं विचारलं, लढाईवर टपाल वाटायला कोण जातो? मी हात वर केला. बढती मिळेल असं वाटलं, दुसरं काय! हाताखाली पॅकर म्हणून राघो घाग, आमच्याच संगमेश्वराकडचा, पंचेचाळिशीचा गडी. थैल्या उचलायच्या, फोडायच्या, बांधायच्या, लाख लावायची हे त्याचं काम. आणि वरच्या मजल्यावर कॅप्टन हार्डविक. तो पत्रं तपासायचा.

नोलन आयरिश पलटणीतला शिपाई. ख्रिस्टी नोलन, डब्लिनचा. घरी असताना दारूच्या पिंपांची घोडागाडी हाकायचा. वसंतातल्या हल्ल्यात दंडात गोळी लागली म्हणून त्याला अमाऱ्याला हलकं काम दिलं होतं. पलटण आधी हिंदुस्थानात होती, त्यामुळे त्याला बाजारातलं मोडकंतोडकं हिंदुस्थानी येत होतं, आणि माझं इंग्रजी कचेरीतलं. दोन्ही मिळून आमचं बरं चालायचं. गोरा खरा, पण साहेबी गोरा नव्हे. खिडकीशी आला की आधी राघोला सलाम करायचा. राघो लाजून पार थैलीत तोंड घालायचा.

मार्चमध्ये त्याला बायकोचं पत्र आलं होतं, ते त्यानं मला पाकिटासकट दाखवलं होतं. ठसठशीत, गोल, वळणदार अक्षर.

“बघ. ब्रायडीचं. आहे का असं अक्षर तुझ्या कचेरीत कुणाचं?”

“नाही बुवा,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, खरंच नव्हतं.

“तुझी बायको लिहिते की नाही?”

“तिला अक्षरओळख नाही. ती दाराआड बसून सांगते आणि माझा मेहुणा लिहितो. अर्धं तिचं, अर्धं त्याच्या पदरचं.”

नोलन हसला. मग पाकीट खिशात घालता घालता खाली बघत म्हणाला, “मेहुणे कामाचे असतात.”

एवढंच बोलला. पुढे हे मला किती वेळा आठवलं असेल!

आता त्या थैलीचं सांगतो.

एप्रिलच्या अखेरीला कुत पडलं. कुत म्हणजे आमच्या वरच्या अंगाला नदीकाठचं गाव. तिथे आमची फौज पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात उपाशी मरत होती. त्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. राघोचा धाकटा भाऊ सोनू त्यातच होता. सगळे कैद झाले. जिवंत किती, मेले किती, पत्ता नाही. त्यांच्या नावाची पत्रं मात्र देशावरून, कोकणातून येतच होती. ती आम्ही एका कोपऱ्यात रचून ठेवत होतो. राघो रोज सकाळी त्या ढिगावरची धूळ झाडायचा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिकडे डब्लिनमध्ये आयरिश लोकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. इंग्रजांनी भर शहरात तोफा चालवल्या. इकडे त्याच शहरातली माणसं इंग्रजांचा गणवेश घालून इंग्रजांसाठी मरत होती. त्यांना ही बातमी कळली ती महिन्याभरानं, कँटीनमध्ये पडलेल्या एका शिळ्या वर्तमानपत्रातून. कुठल्या गल्ल्या जळल्या, कोण मेलं, काही नाही. नुसतं ‘बंड मोडलं’.

बुधवारी, एकवीस जूनला, बोटीनं टपाल आलं. ते उतरायच्या आधीच हार्डविकनं मला वर बोलावलं.

“हळबे, डब्लिनच्या शिक्क्याची सगळी पत्रं वेगळ्या थैलीत. थैली लाख लावून माझ्याकडे. मी वाचल्याशिवाय एकही जाणार नाही.”

“किती दिवस, साहेब?”

“लागतील तितके. आणि कुणी विचारलं तर पत्र आलेलं नाही. ‘आलंय पण थांबवलंय’ असं नाही. आलेलंच नाही. समजलं?”

“समजलं, साहेब.”

“तुमच्यावर भिस्त आहे. तुम्ही विश्वासू माणूस आहात.”

मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, लपवू कशाला! आज त्या शब्दानं तळपायाची आग मस्तकात जाते, पण त्या दिवशी मी जिना उतरलो तो छाती काढून.

डब्लिनची पत्रं निघाली तीस-पस्तीस. निवडता निवडता एक पाकीट हातात आलं आणि मी थांबलो. पांढरं पाकीट, चारी कडांना बोटभर रुंद काळा काठ. नाव ख्रिस्टोफर नोलनचं. आणि अक्षर ते गोल वळणदार नव्हे. वेडंवाकडं, घाईघाईचं, दोन ठिकाणी शाई सांडलेली.

काळा काठ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. साहेबलोकांत कुणी गेलं की असं पाकीट येतं. नोकरीत अशी वीसेक तरी हातांखालून गेली होती. बायकोचं अक्षर नाही आणि पाकीट काळं. मग यात कळायचं काय राहिलं?

राघोनंही पाकीट पाहिलं. “मास्तर, ह्ये कुणाचं?”

“नोलनचं.”

“अरे माझ्या देवा. कारभारीण गेली?”

“तसंच दिसतंय.”

“मग द्या की त्याला.”

“हुकूम नाही.”

राघोनं लाख वितळवली आणि थैलीला मोहोर लावली. त्यानंतर दिवसभर तो माझ्याकडे पाठ करून थैल्या बांधत राहिला. चार वाजता नोलन आला, आणि आमचं बोलणं झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं. संध्याकाळी थैली वर गेली.

गुरुवारी आला. नाही. शुक्रवारी आला. नाही. शनिवारी तो लवकर आला, आणि त्यानं बोटं वाजवली नाहीत.

“बाबू, सोमवारी मला वर पाठवतायत. पलटणीत, आघाडीवर.”

“दंड बरा झाला?”

“डॉक्टर म्हणतो झाला.” त्यानं फळीवर दोन्ही कोपरं टेकली. “माझी खोली नदीजवळच्या गल्लीत आहे. चौथा मजला. वर्तमानपत्रात त्या नदीवरच्या पुलांची नावं आहेत. तोफा तिथंच लावल्या होत्या. मला फक्त एवढंच कळायला हवंय की त्या तिघी आहेत की नाहीत. ब्रायडी आणि माझ्या मुली, नोरा आणि केट. आहेत, तर मी वर जातो. शिपाईगिरी पुरी करतो, घरी जातो, पुन्हा घोडागाडी हाकतो. नसतील…”

“नसतील तर?”

“नसतील तर ज्यांनी मारलं त्यांच्यासाठी मी बंदूक उचलणार नाही. मग ते माझं काय वाटेल ते करोत.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “तुला काही माहीत आहे का रे?”

“मला? मला काय माहीत असणार!”

तो गेला. मागे राघोनं हातातली थैली धाडकन खाली टाकली.

“मास्तर, ह्ये पाप आहे.”

“राघो, गप बस.”

“नाय बसणार. आपल्याकडं मयताचं पत्र आलं तर उंबऱ्याच्या आत तरी घेतो का आपण? भायेरच वाचायचं, फाडायचं, डोक्यावरनं पाणी घ्यायचं. त्ये काळं पाकीट चार दिवस आपल्या डोक्यावर माडीत पडलंय. आन् तो बिचारा जेवतोय, हसतोय, त्याला सुतकाचा पत्ता नाय.”

“त्यांच्यात सुतक नसतं.”

“माणूस मेल्याचं दुःख तर असतं ना? का त्येबी साहेबाच्या हुकमानं?” राघोचा आवाज फाटला. त्यानं कोपऱ्यातल्या ढिगाकडे हात केला. “माझा सोनू. हाय का गेला? मी सकाळी आंघोळ करतो तवा मनात येतं, ही आंघोळ कसली? साधी का त्याच्या नावाची? मेला म्हणून कुणी सांगितलं ना मास्तर, तर मी त्या सांगणाऱ्याचं पाय धरीन. ह्ये न कळणं लय वाईट. लय वाईट.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि ती राघोवर नव्हती. रविवारभर मी वरच्या मजल्यावरच्या बुटांचा आवाज ऐकत बसलो. हा कोण लागून गेला? मेलेल्या बाईची बातमी तिच्या नवऱ्यापासून दडवणारा हा कोण? आणि मी कोण? मी टपालवाला. पत्र पोचवणं हा माझा धर्म, आणि मी पत्रावर पाय ठेवून बसलोय.

पत्र तर माझ्या हातात नव्हतं. म्हणजे देता येत नव्हतं. पण सांगता येत होतं.

सोमवारी सकाळी आठला धक्क्यावर वर जाणारी बोट लागली. शे-दीडशे शिपाई रांगेत उभे होते. नोलन पाठीवर बोचकं, खांद्याला बंदूक घेऊन शेवटून तिसरा. मी टपालाची थैली बोटीवर द्यायच्या निमित्तानं त्याच्याजवळ गेलो.

“नोलन, तुझं पत्र आलंय. बुधवारीच आलंय. साहेबानं अडकवलंय.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं आता जीभ झडेल माझी.

“काय म्हणते ब्रायडी?”

“तिचं अक्षर नाही. आणि पाकीट… पाकिटाला काळा काठ आहे.”

तो पाकीट शोधल्यासारखा माझ्या हातांकडे बघायला लागला.

“मला माफ कर,” मी म्हणालो. “तुला कळायला हवं होतं. ती गेली.”

‘गेली’ म्हणालो मी. ‘गेली असावी’ असं नाही. ‘काठ काळा आहे, पुढचं मला ठाऊक नाही’ असं नाही. गेली!

नोलननं खांद्यावरची बंदूक काढली आणि धक्क्याच्या कडेला जाऊन नदीत टाकली. मग पट्टा टाकला. मग अंगातला खाकी कोट काढला, त्याचा बोळा केला आणि तोही टाकला. रांगेतले आयरिश शिपाई ओरडायला लागले, सार्जंट धावला. हार्डविक धक्क्यावरच होता, बोटीची यादी बघत. नोलन उघड्या अंगानं त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“माझी बायको मारलीत तुम्ही,” तो ओरडला. “माझ्या घरावर तोफ लावलीत आणि मी इथं तुमच्यासाठी गोळी खाल्ली. मी जात नाही. घाला गोळी! तिला घातलीत तशी मला घाला!”

“बोटीवर चढ,” हार्डविक म्हणाला.

नोलननं त्याच्या तोंडावर ठोसा लगावला.

चौघांनी त्याला खाली पाडलं. मी थैली पोटाशी धरून तिथेच उभा होतो. त्याला फरपटत नेताना त्याची नजर माझ्यावरून गेली, पण थांबली नाही. मुद्दाम थांबवली नाही त्यानं.

दुपारी हार्डविकनं मला वर बोलावलं. ओठ सुजलेला. डब्लिनची थैली टेबलाशेजारी.

“थैलीतून काही बाहेर गेलं?”

“नाही साहेब.”

“नक्की?”

“एकही पत्र नाही, साहेब.”

बघा कसा शहाणा मी. अक्षरन् अक्षर खरं बोललो.

कोर्टात नोलनला विचारलं, बायको मेल्याचं तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, “कुणी नाही. स्वप्न पडलं.” दहादा विचारलं, दहादा हेच सांगितलं. हे मला पहाऱ्यावरच्या एका शिपायानं सांगितलं. आठ वर्षं सक्तमजुरी झाली. गोळी घातली असती, पण पलटण आधीच धुमसत होती, म्हणून नाही घातली. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ती अशी. मी कोर्टात गेलो नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि आपण होऊन जायची छाती नव्हती.

जुलैच्या पंधरा तारखेला डब्लिनची थैली खाली आली. “वाचून झाली,” निरोप होता, “वाटून टाका.” सगळी पाकिटं फोडलेली, वर तपासणीचा शिक्का. काळ्या काठाचं पाकीट मी बाजूला काढलं. त्याच दिवशी अकराच्या बोटीनं नोलनला बसऱ्याला नेणार होते, तिथून तुरुंगात. पाकीट उघडं होतं, तरी मी आतला कागद काढला नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हा माझा नेम. केवढा अभिमान होता मला त्याचा!

मी धावत धक्क्यावर गेलो. नोलनच्या हातांत बेड्या, दोन्ही बाजूंना पहारेकरी. वीस दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

“सार्जंटसाहेब, ह्याचं पत्र आहे.”

“कैद्याच्या हातात कागद द्यायचा नाही.”

“त्याच्या बायकोच्या मयताचं आहे हो.”

सार्जंटही आयरिशच होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं. “वाचून दाखव. लवकर.”

मी कागद काढला. शाळकरी अक्षर, ओळी उताराला लागलेल्या. मी वाचायला लागलो.

“‘प्रिय ख्रिस्टी, हे पत्र नोरा लिहिते आहे, मी सांगते तसं. पाकीट काळं बघून घाबरू नकोस. मी आणि मुली…’”

मी तीच ओळ मनात पुन्हा वाचली.

“वाच,” नोलन म्हणाला.

“‘मी आणि मुली बऱ्या आहोत. खिडक्यांना काचा नाहीत, पण आम्ही बऱ्या आहोत. गेला तो माझा भाऊ, आपला जो. आजवर माझी सगळी पत्रं त्यानंच लिहिली, आता नोरा लिहील. शुक्रवारी तो बेकरीतून घरी येत होता. गल्लीच्या तोंडाशी शिपायांनी त्याला भिंतीशी उभा केला. त्याच्या पोत्यात पाव होते, ख्रिस्टी. चार पाव. तुझ्यासारखाच गणवेश होता त्यांचा. जोसाठी आम्ही वर्षभर काळ्या काठाचे कागद वापरणार, तेव्हा दर वेळी बघून दचकू नकोस.’”

“ती आहे?” नोलननं विचारलं.

“आहे.”

“मुली?”

“आहेत. तिघी आहेत.”

तो हसला. खरंच हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पहारेकरीही हसायला लागले. मग त्याचं हसू हळूहळू गेलं आणि तो माझ्याकडे वळला.

“तू हे वाचलं नव्हतंस?”

“नाही.”

“मग मला कसं सांगितलंस?”

“काळा काठ होता… अक्षर तिचं नव्हतं…”

“तिचं अक्षर!” तो ओरडला. “तिला लिहिता येत नाही, बाबू! तुझ्या बायकोला येत नाही तसं तिलाही येत नाही! तिचा भाऊ लिहायचा, जो!”

माझ्या बायकोची पत्रं माझा मेहुणा लिहीत होता. दर महिन्याला ती माझ्या हातात पडत होती. पण गोऱ्याची बायको म्हणजे तिला लिहिता येणारच, हे मी कुठून धरून चाललो होतो? आणि काळा काठ म्हणजे त्या घरात नुकतं कुणीतरी गेलंय, वर्षभरात काहीही लिहा, त्याच कागदावर, ही त्यांची रीत. आमच्याकडे मयताचं पत्र एकच, वाचलं की फाडलं. आमच्या रीतीनं मी त्यांचं पाकीट वाचलं. न उघडता.

“पुढचं वाच,” सार्जंट म्हणाला. बोटीचा भोंगा झाला होता.

“‘आधी आम्ही शिपायांच्या बायका बंडवाल्यांना शिव्या देत होतो. आता लोक आमच्या दारात थुंकतात. केट विचारते, बाबा कुणाच्या बाजूनं आहे? मी काय सांगू? तू सांग, तुझ्या हातानं लिही. जोची बातमी मला फौजेच्या शिक्क्याच्या कागदावर आली, कुणा परक्या माणसाच्या हातची, दोन ओळी. तसलं पत्र मी पुन्हा दारात घेणार नाही. तुझं अक्षर असेल तरच घेईन.’”

नोलननं बेड्या घातलेले हात वर उचलले आणि त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता तो माझ्या तोंडात मारील. मारायला हवं होतं. मी चेहरा पुढेच धरला होता.

“आठ वर्षं,” तो म्हणाला. “केट बारा वर्षांची होईल.”

“मला शिवी दे.”

“शिवी देऊन काय होणार? लिही तिला. मला हे कधी लिहू देतील कुणास ठाऊक. तू लिही. काय झालं ते सगळं लिही. साहेबासकट. तुझ्यासकट.”

“तिनं म्हटलंय, परक्याच्या हातचं…”

“लिही!” तो ओरडला, आणि त्याला ढकलत बोटीवर नेलं. सार्जंटनं कागद माझ्या हातातून घेऊन कैद्याच्या सामानात टाकला. पाकीट माझ्या हातात राहिलं.

बोट वळणाआड गेल्यावर मी ते पाकीट पहिल्यांदा नीट उलटून बघितलं. तपासणीचा शिक्का. शिक्क्यात हार्डविकची सही आणि तारीख. आयुष्यभर मी तारखेचे शिक्के वाचले, हा मात्र दोनदा वाचावा लागला. २२ जून.

पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं ते वाचलं होतं! नोलन धक्क्यावर उघडा उभा राहून ‘माझी बायको मारलीत’ म्हणून ओरडला, तेव्हा ह्याला ठाऊक होतं ती जिवंत आहे. कोर्टात ठाऊक होतं. शिक्षा सुनावली तेव्हा ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं.

मी जिना चढलो, परवानगी न विचारता. पाकीट त्याच्या टेबलावर आपटलं.

“तुम्हाला माहीत होतं!”

हार्डविकनं पाकीट बघितलं, मग मला. “दार लावा.”

“ती जिवंत आहे हे तुम्हाला बावीस तारखेपासून माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर तो गप बोटीत चढला असता!”

“बोललो असतो तर पत्र अडवलं हेही सांगावं लागलं असतं. मग ते शे-दीडशे जण बोटीत चढले असते का?” त्यानं पाकीट बोटानं माझ्याकडे सरकवलं. “आता मला एक सांगा, हळबे. ती मेली, असं त्या पत्रात कुठेच नाही. ते मी सोडून कुणी वाचलेलं नव्हतं. पाकीट बाहेरून बघितलेले तीनच जण. मी, तुम्ही आणि तुमचा पॅकर. मग त्याला स्वप्न पडलं कुणाच्या तोंडून?”

मी पाकिटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

“मला ते शोधायचं नाही,” तो म्हणाला. “तुम्हालाही शोधायचं नसेल, असं मी धरून चालतो.”

इथं मी बोलायला हवं होतं. ‘मी सांगितलं, मलाही बेड्या घाला, पण कोर्ट पुन्हा भरवा’ एवढं म्हणायला हवं होतं. माझ्यापुढे देवरुख उभं राहिलं, आई उभी राहिली, पेन्शन उभं राहिलं. मी पाकीट उचललं आणि खाली आलो. ज्याला ठाऊक होतं तो बोलला नाही, आणि ज्याला काही ठाऊक नव्हतं तो बोलला. मग दोघंही गप बसलो, आणि गप बसायचं दोघांनाही बक्षीस मिळालं. माझ्या बढतीच्या कागदावर साहेबानं स्वतःच्या हातानं ‘अत्यंत विश्वासू’ असं लिहिलं.

राघोला मी सगळं सांगितलं. तो थैल्यांवर टेकला. “मास्तर,” म्हणाला, “माझ्याच तोंडाला आग लागली होती.” त्याचा सोनू परत आला नाही. कधी गेला, कुठे गेला, कुणी लिहून कळवलं नाही. लढाईनंतर राघोनं एक तिथी आपल्या मनानं धरली आणि त्या दिवशी तो आंघोळ करायचा.

मी ब्रायडी नोलनला पत्र लिहिलं. त्याच आठवड्यात, सहा पानं. साहेबासकट, माझ्यासकट. हार्डविकच्या हाती पडू नये म्हणून सुटीवर जाणाऱ्या त्या आयरिश सार्जंटबरोबर बसऱ्यापर्यंत दिलं आणि तिथल्या ओळखीच्या कारकुनाकडून रवाना केलं. पण शिक्का कसा टाळणार? तिथून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर फौजेचाच शिक्का बसायचा. नोलनचं पुढे काय झालं ते कळलं नाही. तुरुंगाच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. त्या लढाईत मेलेल्यांच्या याद्या निघाल्या, दगडांवर नावं कोरली. नोलन मेलेल्यांत नव्हता, आणि जिवंतांत त्याला कुणी धरलं नाही. तिकडच्या लोकांना तो इंग्रजांचा शिपाई. इंग्रजांना तो बंडखोर.

माझं पत्र सात महिन्यांनी अमाऱ्याला परत आलं, आणि मीच ते थैलीतून काढलं. माझंच अक्षर, फौजेचा गोल शिक्का, आणि त्यावर आडवी निळी रेघ मारून डब्लिनच्या पोस्टमननं शेरा लिहिला होता: ‘घेण्यास नकार’.

पाकीट फोडलेलं नव्हतं. अजूनही फोडलेलं नाही.